कोऱ्या जागेतलं शून्य

१० मार्च, सोमवार

भाऊंनी आज सगळं माझ्या टेबलावर आणून ओतलं. दोन मशीन, चार वह्या, एक पेन ड्राइव्ह.

"शुभांगी, काम मोठं हाये, सरकारी. एकशे बत्तीस जागा. शाळा, अंगणवाड्या, आरोग्य केंद्रं. सगळ्याईचं अर्थिंग मोजाचं हाये पावसाळ्याच्या आंदी. ह्या वह्याईनं आता भागत नाई."

फर्म गजाननभाऊंची. माणसं आम्ही तीनच. भाऊ कामं आणतात, राठोडकाका जागेवर जाऊन मोजतात, मी वाशिमच्या ऑफिसात बसून रिपोर्ट करते. आजवर काकांची वही पाहून आकडे टाइप केले. दहा-वीस जागांना चाललं.

नवं मशीन रिडिंग स्वतः साठवतं, पण ती फाइल त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि ते सॉफ्टवेअर आमच्या लॅपटॉपवर चालत नाही. जुन्या मशीनला मेमरीच नाही. भाऊ म्हणाले, "दोन्हीसाठी एकच साधा साचा कर फाइलचा. कोणालेही वाचता आला पायजे. धा वर्षांनं बी."

हो म्हणून बसले. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा केला, फाइलींचा नाही.

११ मार्च, मंगळ.

दिवसभर कागदावर रेघोट्या. ठरलं ते असं: साधी टेक्स्ट फाइल, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारी. एका ओळीत एक रिडिंग. फाइलच्या डोक्यावर चार ओळी: मशीन कोणतं, त्याचा नंबर, शेवटचं कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) कधी झालं, मोजलं कोणी. मग रकाने. तारीख, वेळ, जागेचा कोड, अर्थिंगचा खड्डा क्र., ओहम.

रकान्यांच्या मध्ये कॉमा नको, पत्त्यातच कॉमा असतात. उभी रेघ घेतली. काकांना मोबाइलवर टाकून पाहायला दिलं. पाच मिनिटं कीबोर्ड शोधत होते. "बेटा, हे काडी कुठं लपून बसली?" तिसऱ्या पानावर होती. रेघ रद्द, अर्धविराम घेतला.

तारीख वर्षापासून लिहायची. ०४-०३ म्हणजे चार मार्च की तीन एप्रिल, यावर मागच्या साली भाऊंचं एका इंजिनिअरशी भांडण झालं होतं.

शेऱ्याचा रकाना ठेवू का विचारलं. भाऊ म्हणाले, "नको. राठोड गोष्टी लिहीत बसतीन त्याच्यात." हसलो तिघंही. काढून टाकला.

१३ मार्च, गुरु.

भाऊंच्या लॅपटॉपवर गावांची नावं सगळी प्रश्नचिन्हं होऊन आली. ???? ???????. माझ्याकडे नीट दिसतं, त्यांच्याकडे नाही. शेवटी नावंच काढली आणि जागांना इंग्रजी अक्षरांचे कोड दिले. RIS रिसोडचं, MAN मानोऱ्याचं, पुढे आकडा. कोडची यादी वेगळी.

उद्या धुळवड, ऑफिस बंद. लेकीला, चिनूला, पिचकारी हवी. आणायला विसरले, संध्याकाळी तिचे बाबा, प्रशांत, घेऊन आले.

१७ मार्च, सोम.

पहिल्यांदाच काकांबरोबर जागेवर गेले. अनसिंगची शाळा. फाइल खऱ्या कामात कशी वागते ते पाहायचं होतं.

काकांचं काम पाहत राहावं असं. बावन्न वर्षांचा माणूस, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, दहावी झालेला. तार पसरतात ती जणू गादी घालतात. दहा पावलांवर एक सळई, वीस पावलांवर दुसरी, हातोड्याचे मोजून घाव. जमीन अशी तडकलेली की भेगेत बोटं जातील. सळईभोवती बाटलीतलं पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, मगच बटन. आकडा आला की आधी खिशातल्या वहीत, मग मोबाइलवर. म्हटलं, दोनदा कशाला? "सवय हाये. मोबाइल पडला तं?"

शाळेच्या मागच्या खड्ड्यावर आकडाच येईना. मशीनच्या पडद्यावर OL. म्हणजे रिडिंग मशीनच्या हद्दीबाहेर. एक तर सळईखालची जमीन फार कोरडी, नाही तर अर्थिंगची जमिनीत गेलेली पट्टीच तुटलेली.

"इथं काय टाकू?" काकांनी विचारलं. "ओ-एल टाकू काय?"

मी म्हटलं, नको, आकड्याच्या रकान्यात फक्त आकडा. अक्षर आलं की फाइलींवरून रिपोर्ट बनवणारा माझा प्रोग्राम अडखळेल. कोरं सोडा.

"कोरं?"

"हो. कोरं म्हणजे नाही मिळालं. मी बघते नंतर."

त्यांनी मान हलवली. वहीत मात्र OL लिहिलं, गोल करून.

२७ मार्च, गुरु.

भयंकर दिवस. एकसष्ट जागांच्या फाइली जमल्या, भाऊंना रिपोर्ट संध्याकाळी पाचला पाहिजे. प्रोग्राम चालवला की मध्येच बंद. पुन्हा चालवला, पुन्हा तिथंच. दीड तास गेला. कारण? कोऱ्या जागा. आकडा हवा तिथं काहीच नाही, म्हणून थांबतोय.

भाऊ दारात. "झालं काय व? थे लोकं फोन करून राह्यले."

एक ओळ टाकली. कोरं असेल तर ० धर. धडाधड चाललं सगळं. पाचला दहा मिनिटं कमी असताना रिपोर्ट छापून हातात.

ती ओळ नीट करायची आहे. सोमवारी.

४ एप्रिल, शुक्र.

पहिल्या एकसष्टचा रिपोर्ट वर मंजूर. भाऊ पेढे घेऊन आले. वरच्या ऑफिसातल्या इंजिनिअरनं म्हणे विचारलं, हा साचा कोणी केला, आमच्या बाकीच्या लोकांना पण द्या. भाऊ खूश. "आमच्या शुभांगीनं केला म्हून सांगतलं मी."

काकांना पण पेढा दिला. ते म्हणाले, "बेटा, थे कोऱ्या जागेचं पायलं काय?" म्हटलं, हो, बघते. रिसोडच्या फाइली समोर होत्या, त्यात गुंतले.

१६ एप्रिल, बुध.

दुपारी भाऊंना फोन. मानोरा तालुक्यातल्या एका शाळेत खिचडी करणाऱ्या बाईला शॉक बसला. पाण्याचं फिल्टर मशीन. फेकली गेली. जिवंत आहे. तालुक्याच्या दवाखान्यात आहे.

भाऊंनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "आपल्या यादीत हाये काय थे शाळा, पाय बरं."

यादीत आहे. MAN-14. रिपोर्टमध्ये: ०.०० ओहम. ठीक.

भाऊंना हायसं वाटलं. "पायलं! अर्थिंग तं एकदम फस्ट क्लास हाये. फिल्टरवाल्याची चूक असंन."

मी त्या आकड्याकडे पाहत राहिले. शून्य. उन्हाळ्याच्या तोंडावर, तडकलेल्या जमिनीत, शून्य पूर्णांक शून्य शून्य. असं अर्थिंग जगात कुठं असतं? जितका आकडा कमी तितकं अर्थिंग चांगलं. पाचच्या खाली ठीक. आणि शून्य म्हणजे सगळ्यात

लिहवत नाही.

१७ एप्रिल, गुरु.

सकाळी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. मूळ फाइल उघडली. MAN-14 ची ओळ: तारीख, वेळ, कोड, १, आणि शेवटच्या अर्धविरामानंतर काही नाही. कोरं.

काकांनी कोरं सोडलं होतं. मी सांगितलं तसंच. शून्य माझ्या प्रोग्रामनं भरलं.

सगळ्या फाइली तपासल्या. एकसष्टांपैकी अकरा जागा अशा. अकरा ठिकाणी मोजताच आलं नव्हतं आणि अकराच्या अकरा आम्ही जिल्ह्यातल्या सर्वात चांगल्या म्हणून लिहून दिल्या. शाळा सहा, अंगणवाड्या चार, एक आरोग्य केंद्र.

अनसिंगची शाळा त्यात आहे. मी स्वतः उभी होते तिथं.

भाऊंना सांगायला उठले. ते फोनवर होते. बसले. पुन्हा उठले, तेवढ्यात कोणी भेटायला आलं. मग जेवणाची वेळ झाली. खोटं कशाला लिहू, मला नव्हतंच सांगायचं.

संध्याकाळी चिनूला म्हटलं, उद्यापासून पाण्याची बाटली घरूनच न्यायची. शाळेतल्या नळाला हात लावायचा नाही. "काहून?" म्हणाली. तिला काय सांगू.

१८ एप्रिल, शुक्र.

भाऊंना इंजिनिअरचा फोन. मानोऱ्याच्या त्या शाळेत माणूस पाठवून त्यांनी पट्टी पाहिली. भिंतीला रंग देताना कोणीतरी पट्टी कापून टाकलेली. खड्ड्याशी काही संबंधच उरलेला नव्हता. मग तुमचा आकडा आला कुठून?

भाऊंनी फोन ठेवला. मग एकदम म्हणाले, "राठोड गेलाच नसंन तिथं. घरी बसून आकडा टाकला."

मी म्हटलं, "काका तसं नाही करणार."

"मंग शून्य कसं आलं? भूत येऊन मोजून गेलं काय?"

तोंड उघडलं मी. शब्द जिभेवर होता. भाऊंनी मोबाइल उचललाच होता. त्यांनी तिथंच काकांना फोन लावला. स्पीकरवर.

"राठोड, मानोऱ्याच्या त्या शाळेत गेले होते काय तुमी, का नाई?"

"गेलो होतो नं भाऊ. तिथं रिडिंग नाई भेटलं. वहीत लिहेल हाये."

"फाइलीत शून्य हाये."

"म्या शून्य नाई टाकलं, भाऊ."

"मंग कोणं टाकलं? उद्यापासून येऊ नका. चौकशी होऊ द्या आंदी."

भाऊंनी फोन बंद केला. मी तिथं, दोन हातांवर. बोलले नाही.

पुन्हा लिहिते. बोलले नाही मी.

१९ एप्रिल, शनि.

ऑफिसात तब्येत बरी नाही सांगितलं आणि एस.टी. पकडून मानोऱ्याला गेले. दवाखान्यातून त्या बाईला घरी सोडलं होतं. मंदाताई. पन्नाशीच्या असतील. ओट्यावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जसा दुसऱ्याचा हात सांभाळायला दिलाय. तळव्यावर काळा डाग. मी कोण ते नीट सांगितलं नाही. "विजेचं तपासायला आले" म्हटलं.

"या नं ताई, बसा. चहा सूनबाई करते, मायानं कप धरनं होत नाई सध्या." मग स्वतःच सांगू लागल्या. "मी तं समजली मले चक्कर आली. पाण्याचा गंज भराले गेली अन् हात चिकटलाच मशीनले. सुटेच ना. मास्तरीणबाईनं मेन बंद केलं म्हून वाचली."

मी विचारलं, बोटं हलतात का.

"दोन हालतात. दोन झोपेल हायेत." हसल्या. मग हसू गेलं. "ताई, धा मिनटाची गोष्ट हाये. धा मिनटानं सुट्टी होती. सारे लेकरं तिथं बाटल्या भराले रांगेत उभे राहतेत. एकमेकाच्या अंगावर. मी अगोदर गेली म्हून."

चहा पूर्ण पिता आला नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून अकरा कोड मनात म्हणत आले. म्हणायचे नव्हते, आपोआप येत होते.

२० एप्रिल, रवि.

प्रशांतना सांगितलं. ते एस.टी. डेपोत मेकॅनिक. कपडे इस्त्री करत होते. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं म्हणतील, गप राहा, नोकरी जाईल, नाव खराब होईल. मी खरं तर त्याचीच वाट पाहत होते. कोणीतरी म्हणावं.

इस्त्री उभी केली आणि म्हणाले, "बाकीच्या धा जागी सध्या काय चालू हाये?"

"काय म्हणजे?"

"म्हणजे बटन. आज रविवार हाये. उद्या सोमवार."

मी सतरा तारखेपासून स्वतःचाच विचार करत होते. माझं काय होईल, माझ्यावर काय येईल. उद्या सोमवार, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

२१ एप्रिल, सोम.

सकाळी सात. भाऊंना घरीच गाठलं. अंगणात दात घासत होते. मी उभ्या-उभ्या सांगून टाकलं. शून्य माझ्या प्रोग्रामचं आहे. काकांनी कोरं सोडलं होतं, मीच सोडायला सांगितलं. अशा अकरा जागा आहेत. मला गुरुवारपासून माहीत आहे.

भाऊंनी चूळ भरली. टॉवेलनं तोंड पुसलं, पुसतच राहिले.

"गुरुवारपासून?"

"हो."

"अन् शुक्रवारी मी राठोडले बोललो तवा तू तिथंच होती."

"हो."

भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले. म्हणाले, "कोणाले सांगू नको आत्ता. आपण अकराच्या अकरा पुन्हा मोजू. गुपचूप. रिपोर्ट बदलून देऊ, टायपिंगची चूक म्हनू."

"त्याला आठ दिवस लागतील, भाऊ. आठ दिवस लोकं हात लावतील."

"मंग काय करू? पेपरात देऊ?"

मी म्हटलं, फोन करू सगळीकडे. फिल्टर, मोटर, कूलर बंद ठेवा म्हणून. ते म्हणाले, "फोन केला म्हंजे कबूल केलं." मी बाहेर येऊन गेटापाशी उभं राहून माझ्याच फोनवरून सुरू केलं.

शाळा पटापट झाल्या. अंगणवाडीची एक ताई घाबरली, रडायलाच लागली. आरोग्य केंद्राच्या सिस्टरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लसीचा फ्रिज कसा बंद करू, मॅडम? आठवडाभराच्या लसी हायेत त्याच्यात."

म्हटलं, हात लावताना रबरी चप्पल घाला, ओल्या हातानं नको, दुसऱ्या कोणाला जवळ येऊ देऊ नका, आम्ही आज येतो.

आज येतो म्हटलं. मोजणार कोण? मला सळ्या ठोकता येतात, पण काकांसारख्या नाही.

मागे वळले तर भाऊ गेटात. किती वेळ उभे होते माहीत नाही. गाडीची चावी पुढे केली. "आंदी राठोडकडे चाल."

तांड्यावर पोचलो तेव्हा काका कडुनिंबाखाली बाज विणत होते. भाऊंना पाहून उठले नाहीत. भाऊ म्हणाले, "राठोड, चुकलं मायं." एवढंच. मग माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. तेच सगळं, पुन्हा.

काकांनी बाजेची दोरी हातातून सोडली नाही. "म्या तुले इचारलं होतं बेटा, कोऱ्या जागेचं पायलं काय म्हून."

"हो काका."

"तू हो म्हणली."

"हो."

"तीन दिवस घरात कोणी बोललं नाई मायासंग. जावई येऊन गेला, त्याले बी कळलं. सासरा खोटे आकडे लिहिते म्हून." त्यांनी दोरी ओढून गाठ मारली. आत गेले. मला वाटलं संपलं. बाहेर आले तर पायात चामड्याचे बूट, खिशात वही.

"आंदी दवाखाना करू. फ्रिज चालू हाये म्हंते नं थे?"

गाडीत रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत.

आरोग्य केंद्र: पट्टी शाबूत. जमीन कोरडी होती म्हणून मार्चमध्ये आकडा आला नव्हता. दोन बादल्या पाणी ओतून, जागा बदलून मोजलं, ३.८. सिस्टर म्हणाली, "म्हंजे ठीक ना?" काका म्हणाले, "ठीक." मी जिन्याच्या पायरीवर बसले.

२३ एप्रिल, बुध.

दोन दिवसांत सात झाल्या. त्यातल्या तीन खरोखरच तुटलेल्या. एका अंगणवाडीत पट्टी नव्हतीच, नुसता भिंतीतून वर आलेला तुकडा. तिथली ताई सांगत होती, कूलरला हात लावला की मुंग्या येतात, लेकरांना ते गंमत वाटतं, मुद्दाम लावतात.

दुरुस्तीचं काम आमचं नाही, पण भाऊंनी ओळखीचा वायरमन लावला. न विचारता.

काका कामापुरतं बोलतात. "तार धर." "आकडा सांग." बेटा म्हणत नाहीत.

२५ एप्रिल, शुक्र.

नवा साचा. काकांसमोर बसून केला. मी विचारलं, तुम्ही सांगा काय पाहिजे. आधी म्हणाले, तुमाले मालूम. मग थोड्या वेळानं वही काढून समोर ठेवली.

"हे पाय. म्या काय लिहितो. आकडा भेटला तं आकडा. नाई भेटला तं काहून नाई भेटला. कुलूप होतं, तं कुलूप. ओ-एल, तं ओ-एल. कोरं मी कधीच नाई सोडत. कोरं म्हंजे मी तिथं गेलोच नाई असं होते."

वीस वर्षांच्या वह्यांमध्ये हे होतं. मी त्या टाइप करत होते आणि पाहिलं नव्हतं.

तर: पहिल्या ओळीत साच्याचा क्रमांक, २. प्रत्येक रिडिंगला स्थितीचा रकाना, तीनच शब्द चालतील: मोजलं, हद्दीबाहेर, मोजलं नाही. (फाइलमध्ये M, X, N. प्रश्नचिन्हं नकोत.) शेजारी मशीनच्या पडद्यावर दिसलं ते जसंच्या तसं. शेऱ्याचा रकाना परत. कोरी जागा दिसली की प्रोग्रामनं थांबायचं आणि ओरडायचं, काही भरायचं नाही. चूक दुरुस्त करताना जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी लिहायची, कोणी आणि कधी ते लिहून.

भाऊंनी वाचलं. "गोष्टी लिहू द्या राठोडले," म्हणाले. कोणी हसलं नाही.

३० एप्रिल, बुध.

अकरापैकी दहा झाल्या. खरोखर तुटलेल्या चार, मंदाताईंची शाळा धरून. बाकी सहा पाणी ओतल्यावर ठीक. अकरावी रिसोडकडची अंगणवाडी. ताईंच्या घरी लग्न, त्या परगावी, किल्ली त्यांच्याकडे. खांबावरून लाइनच बंद करून घेतली.

पत्र लिहिलं. सात वेळा. भाऊंना "तांत्रिक त्रुटी" हवं होतं. मी "आमच्या प्रोग्राममध्ये न मोजलेल्या जागी शून्य भरले गेले" लिहिलं. त्यांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं. शेवटी म्हणाले, "लिही बाप्पा, तुया मनानं." सही त्यांनीच केली. पत्र आणि अकरा जागांची यादी आज दिली. पोच घेतली.

त्या इंजिनिअरनं आमचा साचा बाकीच्यांना दिला होता, हे आज आठवलं. जुना. कोऱ्या जागेचा. कोणाकोणाला दिला? त्यांनी कोऱ्याचं काय केलं असेल?

२ मे, शुक्र.

इंजिनिअरना तीनदा फोन केला. चौथ्यांदा उचलला. साचा दोन फर्मना दिला म्हणाले. नावं सांगायला तयार नाहीत. "तुम्ही आधी तुमचं निस्तरा, मॅडम."

नवा साचा आणि एक पान सूचना त्यांना पाठवल्या, त्या दोघांना द्या म्हणून. मिळालं एवढंही उत्तर नाही.

५ मे, सोम.

पत्र आलं. गुरुवारी अकरा वाजता चौकशीला वरच्या ऑफिसात हजर राहायचं, "सर्व मूळ फाइलींसह". भाऊ, मी, काका. तिघांची नावं आहेत.

भाऊ म्हणाले, मीच बोलतो, तू गप राह्य. काका म्हणाले, "मले इचारलं तं मी सांगन जे हाये थे."

काय सांगणार काका? शुक्रवार ते सोमवार, ते तीन दिवस पण? विचारायची हिंमत झाली नाही.

७ मे, बुध.

पेन ड्राइव्ह तयार केला. नव्या साच्यातल्या फाइली, अकरा जागांच्या दुरुस्त ओळी. आणि जुन्या एकसष्ट, जशा होत्या तशा. माझा जुना प्रोग्राम पण, त्या एका ओळीसकट. तिच्यावर तारीख आहे, २७ मार्च, वेळ आहे, माझं नाव आहे.

भाऊ मागे उभे राहून पाहत होते. "थो प्रोग्राम कायले घेतला? त्याईनं फाइली मांगतल्या फक्त."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. म्हटलं, त्याच्याशिवाय शून्य कुठून आलं ते कळणार नाही, काकांवरच येईल.

"अन् तुयावर आलं तं?"

काका दारात सळ्या पुसत बसले होते. ऐकलं असेल त्यांनी, नसेलही.

पेन ड्राइव्ह पिशवीत ठेवला, प्रोग्रामसकट. उद्या अकराला. साडेनऊची गाडी काढायची म्हणाले भाऊ, काकांना रस्त्यात घ्यायचं आहे.